पारव्या रंगाची जुळवाजुळव

मराठीत 'पारवा' हा मोठा सोयीचा शब्द आहे. राखेपेक्षा निळा आणि आभाळापेक्षा मळकट अशा रंगाला काय म्हणावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी वळचणीला बसलेल्या पाखराकडे बोट दाखवून सोडविला. जर्मन लोकांनीही तेच केले. त्यांच्याकडे १९२७ सालापासून 'राल' नावाची रंगांची क्रमवारी चालत आली आहे. प्रारंभी तिच्यात ४० रंग होते, आता दोनशेहून अधिक आहेत. त्यांतील ५०१४ क्रमांकाच्या रंगाचे नाव 'टाउबेनब्लाउ', म्हणजे पारव्याचा निळा असे आहे. फरक इतकाच की, ५०१४ म्हटल्यावर कोणत्याही कारखान्याने तोच रंग द्यावा अशी तेथे अपेक्षा असते. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना पावडर कोटिंग करताना आपल्याकडेही हे राल क्रमांक चालतात. घराच्या भिंतीची गोष्ट मात्र निराळी. रंगाच्या दुकानात जाऊन 'पारवा द्या' म्हणावे, तर दुकानदार चार कंपन्यांची चार शेडकार्डे पुढ्यात टाकतो. त्या चारींत मिळून जे डझनावारी पारवे निघतात, त्यांतील एक दुसऱ्यासारखा असतोच असे नाही.

या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गेली पंचवीस वर्षे घरांना रंग देण्याचे काम करतात. सुटीत मीही त्यांच्याबरोबर जाते. लांबी घासणे, खिडक्यांना कागद चिकटविणे, ब्रश धुणे ही कामे मला येतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे हिशेबाची वही आपोआपच माझ्याकडे आली. मानसशास्त्राच्या तासाला सरांनी दृष्टिसंवेदनेचे प्रकरण शिकविले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सारखी एक अर्धी निळी, अर्धी जांभळी भिंत येत होती. त्या भिंतीविषयी पुढे सांगेनच.

सगळे काम एकाच कंपनीच्या रंगात पार पडले तर काही अडचण नाही. पण तसे नेहमी होत नाही. मालकाला मधेच एक खोली जास्त रंगवून घ्यावीशी वाटते. तालुक्याच्या दुकानात त्या कंपनीचा माल संपलेला असतो. किंवा तीन वर्षांनी ओल आलेला तेवढाच भाग पुन्हा रंगवायचा असतो आणि तोवर शेडकार्ड बदललेले असते. शिवाय डब्यातून निघणाऱ्या टोकनाचे पैसे पेंटरला मिळतात, म्हणून अमुक कंपनीच बरी असे पेंटरचेही मत असते. हे लपविण्यात अर्थ नाही. कारण कोणतेही असो, एका कंपनीचा पारवा दुसऱ्या कंपनीच्या पारव्याला जोडण्याची वेळ येते आणि तेथे खरी परीक्षा सुरू होते.

पहिली गोष्ट अशी की, शेडचा क्रमांक म्हणजे रंगाचे माप नव्हे. हल्ली बहुतेक रंग दुकानातच तयार होतात. दुकानात 'बेस'चे पांढरे डबे ठेवलेले असतात. दुकानदार क्रमांक दाबतो, यंत्रातून डब्यात रंगद्रव्यांच्या ठरावीक धारा पडतात, मग दुसरे यंत्र डबा घुसळून देते. तेव्हा क्रमांक ही खरे पाहता स्वयंपाकातली कृती आहे, आणि तीही त्या घरच्या मसाल्यांसाठी लिहिलेली. आमच्या घरची आमटीची कृती शेजारणीला दिली आणि तिने आपला गोडा मसाला घातला, तर आमटी होईल. आमच्या घरची होणार नाही. येथे तर मूळचा पांढराही सारखा नसतो. बेसमधील शुभ्रपणा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो, आणि त्याच्या जोडीला चुनखडीची किंवा चिनी मातीची पूड असते. त्यांचे प्रमाण कंपनीगणिक आणि किमतीगणिक बदलते. म्हणून एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग डब्यांतदेखील शेडचा क्रमांक एक असून भिंत थोडी वेगळी दिसू शकते. मग दोन कंपन्यांची गोष्टच नको.

हे सर्वच रंगांना लागू आहे, मग पारव्याचीच एवढी तक्रार का? याचे उत्तर मला फार उशिरा उमगले आणि ते समजल्यावर मोठी गंमत वाटली. प्रदीपनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली रंगमापनाची एक पद्धत ठरविली. तिच्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात: एक उजळपणाचा, एक हिरवा-तांबडा कल दाखविणारा आणि एक निळा-पिवळा कल दाखविणारा. आता समजण्यापुरते असे धरू की, झेंडूसारख्या भडक पिवळ्याचा पिवळेपणा ८० आहे आणि आपल्या पारव्याचा निळेपणा ८ आहे. दोन्ही डब्यांत २ आकड्यांची गफलत झाली. झेंडूच्या बाबतीत तो चाळिसावा हिस्सा. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पारव्याच्या बाबतीत तो चौथा हिस्सा. ज्याच्याजवळ आठच आणे आहेत त्याचे दोन आणे हरवले तर त्याला ते जाणवणारच! पारव्यात रंग मुळातच थोडा असतो, त्यामुळे जरा इकडे ढळला की हिरवट आणि जरा तिकडे ढळला की जांभळट. पारव्याच्या मानेवर ऊन पडले की नेमक्या याच दोन झाका दिसतात. अर्थात तेथे त्या शोभून दिसतात.

आता निळा कोणता हा प्रश्न. आपण निळा हा एकच रंग मानतो, पण डब्यात पडणारे निळे अनेक आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. आमची आजी दिवाळीपूर्वी घराला चुना देताना त्यात कपड्यांच्या निळीची पुडी टाकी. भिंत आधी पांढरी फेक निळसर होई आणि चुलीच्या धुराने पुढे आपोआप पारवी होई. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या लाजवर्द नावाच्या दगडापासून करीत आणि तो अतिशय महाग असे. कृत्रिम अल्ट्रामरीन स्वस्तात करून दाखविणाऱ्यास फ्रान्समध्ये ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले होते, ते १८२८ साली गीमे या गृहस्थास मिळाले. आजीच्या हाती आलेली एक-दोन रुपयांची पुडी ही त्या बक्षिसाचीच पुण्याई. या निळ्याचा कल जांभळ्याकडे असतो आणि चुन्याच्या क्षाराने तो बिघडत नाही.

दुसरा निळा प्रशियन. तो बर्लिन शहरात १७०६ च्या सुमारास सापडला. आज आपल्या दुकानांवर ज्याचे नाव दिसते त्या बर्जर कंपनीचा मूळ पुरुष लुई स्टाइगनबर्गर हा १७६० साली जर्मनीतून लंडनला गेला तो हाच निळा करून विकण्यासाठी. पुढे त्याने आपले नाव लुईस बर्जर केले. कागदावर आणि लाकडावर हा निळा उत्तम, पण चुन्यात घातला तर काही दिवसांत तपकिरी पडतो, कारण क्षाराने तो मोडतो आणि लोखंडाचा गंज तेवढा उरतो. आजीला बर्लिन ठाऊक नव्हते; पण तिची पुडी योग्य होती.

तिसरा थॅलो निळा. हा स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथ येथील रंगाच्या कारखान्यात १९२८ साली अचानक सापडला. एका भांड्याच्या आतला मुलामा तडकला होता. आत शिजत असलेला पांढरा पदार्थ भांड्याच्या लोखंडाला लागला आणि त्यात निळसर कण तयार झाले. लोखंडाच्या जागी तांबे घालून केलेला त्याचा प्रकार १९३५ साली बाजारात आला, आणि आज यंत्रातून पडणारा निळा बहुतेक वेळा हाच असतो. तो अत्यंत जोरकस आहे. थेंबभर टाकला तर अख्खी बादली निळी होते. त्याचा कल हिरव्याकडे असतो.

काळ्याचेही तसेच आहे. दिव्याच्या काजळीचा काळा पांढऱ्यात मिसळला तर निळसर राखाडी होतो. त्याहून बारीक कणांचा काळा घेतला तर राखाडीत तपकिरी झाक येते. म्हणजे पांढरा आणि काळा एवढेच मिसळूनसुद्धा दोन दुकानांत दोन राखाडी निघू शकतात. आणि काळा मुळीच न वापरता राखाडी करण्याची वेगळीच रीत आहे: निळ्याचा भडकपणा कमी करण्यासाठी त्यात तांबडा ऑक्साइड घालायचा. दोघे एकमेकांना मारतात आणि मळकट निळा शिल्लक राहतो. आप्पा स्टेनरच्या बाटल्यांतून थेंब थेंब टाकून हे हातानेच करतात आणि बोटभर रंग पत्र्यावर ओढून उन्हात वाळवून पाहतात.

येथे डोळ्याकडे वळले पाहिजे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत. भिंतीवरून येणाऱ्या प्रकाशात शेकडो लहरींचे मिश्रण असते, पण डोळा मेंदूला फक्त तीन बेरजा कळवितो. आता ५ अधिक ७ बारा होतात आणि ९ अधिक ३ हेही बाराच होतात. बेरीज तेवढी पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. याप्रमाणे काळा घालून केलेला पारवा आणि तांबडा ऑक्साइड घालून केलेला पारवा एका उजेडात हुबेहूब सारखे दिसू शकतात. पण उजेड बदलला की मूळ आकडेच बदलतात आणि बेरजा फुटतात. दिवसाच्या उजेडात सर्व लहरी बऱ्याच सारख्या प्रमाणात असतात. पिवळ्या दिव्यात निळा भाग कमी आणि तांबडा-पिवळा अधिक असतो. तांबड्या ऑक्साइडला परत पाठविण्यासाठी तांबडा प्रकाश जास्त मिळाला की तो पारवा लालसर, जांभळट दिसू लागतो. काळ्याच्या पारव्यात तसे काही होत नाही. शास्त्रात याला मेटॅमेरिझम असे नाव आहे. आप्पा आणि त्यांचे सोबती याला 'शेड फिरली' असे म्हणतात, आणि माझ्या मते ते नाव अधिक चांगले आहे.

आता ती भिंत. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आप्पांकडे एका कचेरीचे काम होते. मोठी खोली आणि लांब बोळ, दोन्हींना पारवा. खोली झाली, बोळ निम्मा झाला आणि रंग संपला. त्या कंपनीचा माल आठ दिवस येणार नव्हता आणि नूतनीकरणाचा समारंभ चार दिवसांवर होता. तेथील व्यवस्थापकांनी स्वतः दुसऱ्या कंपनीचा डबा आणला. दुकानात ट्यूबलाइटखाली कार्डाला कार्ड लावून त्यांनी शेड पसंत केली होती. आप्पांनी उरलेला बोळ त्या रंगाने पुरा केला. दिवसा खिडकीच्या उजेडात जोड कोठे आहे ते मलादेखील सापडत नव्हते. समारंभ संध्याकाळी झाला. बोळात नवे पिवळे दिवे लावले होते. ते लागले मात्र, बोळ मधोमध दुभंगला: अलीकडे निळसर, पलीकडे जांभळा, मधे रेघ ओढल्यासारखी कड.

दुसऱ्या दिवशी आप्पांना बोलावणे आले. पाणी जास्त घातले, किंवा डब्यातला रंग काढून घेऊन दुसरे काही मिसळले, असा आळ त्यांच्यावर आला. मजुरीतून ३,२०० रुपये कापून घेतले. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण "पंचवीस वर्षांत कुणी मला चोर म्हणालं न्हाई," एवढेच आप्पा घरी येऊन बोलले आणि जेवायला बसले. त्यांना कारण ठाऊक नव्हते असे नाही. "दिव्याखाली शेड फिरली," असे त्यांनी तेथे सांगितलेही होते. पण पेंटरने सांगितलेले कारण ही सबब ठरते आणि तेच पुस्तकात छापलेले असले की शास्त्र ठरते.

दोन्ही रिकामे डबे मी घरी आणले होते. त्यांवरच्या यंत्राच्या चिकटपट्ट्यांवर रंगद्रव्यांची सांकेतिक अक्षरे होती, त्यांचा अर्थ दुकानातल्या मुलाने मला समजावून दिला. पहिल्या डब्यात निळा आणि काळा. दुसऱ्यात निळा, तांबडा ऑक्साइड आणि नावाला काळा. झाले! वर सांगितलेली बेरजेची गोष्ट तंतोतंत तीच. या पट्ट्या घेऊन आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. व्यवस्थापकांनी त्या वाचल्या, मान हलविली, चहा दिला. पैसे मिळाले नाहीत.

अशा आळाचा इतिहास जुना आहे हे मला ग्रंथालयात कळले. पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रयी विणकामाच्या कारखान्यात १८२४ साली शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख झाले. निळ्याशेजारी विणलेला काळा धागा फिका दिसतो, तेव्हा काळा रंग निकृष्ट असला पाहिजे, अशी तेथे तक्रार होती. त्यांनी तपासले तर काळ्या रंगात खोट नव्हती; शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हुद्द्याचा माणूस त्या रंगाऱ्यांना वेळेवर भेटला, हे त्यांचे नशीब.

आणखी एक माहिती येथे दिल्यावाचून राहवत नाही. जगभरच्या रंगमापनाचा पाया १९३१ साली घातला गेला, तो इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी केलेल्या प्रयोगांवर. राइट यांनी १० जणांचे डोळे तपासले, गिल्ड यांनी ७ जणांचे. एकूण सतरा माणसे! १९६४ साली त्यात आणखी लोकांच्या निरीक्षणांची भर पडली हे खरे. पण १९३१ चे आकडे आजही वापरात आहेत. मोठ्या दुकानांतले रंग वाचणारे यंत्र भिंतीच्या तुकड्यावरून परत येणारा प्रकाश लहरीगणिक मोजते आणि शेवटी या ठरविलेल्या डोळ्यांच्या हिशेबानेच उत्तर देते. म्हणून यंत्राने 'जुळले' म्हटले तरी कोणत्या उजेडात जुळले हे विचारावेच लागते. दिवसाचा उजेड, पिवळा दिवा आणि ट्यूबलाइट अशा तिन्हींचे आकडे काढता येतात. मागितले तर दुकानदार दाखवितो, न मागता सहसा दाखवीत नाही.

मग करावे काय? आप्पांची रीत आणि पुस्तकातली रीत यांत मला फारसे अंतर आढळले नाही. कार्डाला कार्ड लावून निर्णय घेऊ नये. कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो आणि भोवती पांढरी चौकट असते, तीच डोळ्याला फसविते. नव्या रंगाचे सर्वांत लहान माप आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर कडेपर्यंत दोन हात द्यावेत आणि पुरते वाळू द्यावे. ओले इमल्शन दुधासारखे असते, वाळल्यावर ते दूध पारदर्शक होते आणि रंग गडद होतो. म्हणून ओल्यावरून बोलू नये. मग पुठ्ठा जुन्या भिंतीला उभा टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री, त्या खोलीत जे दिवे लागणार तेच लावून पाहावा. बाजारात एलईडी दिव्यांच्या खोक्यावर २७००, ३००० किंवा ६५०० असा आकडा असतो. पहिले दोन पिवळे, शेवटचा पांढरा. हा आकडा रंग निवडण्याआधी ठरला पाहिजे, नंतर नव्हे. चकाकीही सारखी हवी. मॅट भिंतीशेजारी तुकतुकीत भिंत आली तर एकाच डब्यातला रंगदेखील दोन वाटतो. जुनी भिंत आधी पुसून घ्यावी, नाही तर आपण रंगाशी नव्हे, धुळीशी जुळवतो. आणि जुना ऑइलपेंट असेल तर तो काळाने पिवळट होतो, त्यामुळे पारव्याचा हिरवट झालेला असतो. तेथे मूळ क्रमांकाचा काहीच उपयोग नाही, भिंतीचाच तुकडा खरवडून यंत्राला दाखवावा.

डबे एकाच कंपनीचे असले तरी सगळे एका पिंपात ओतून एकजीव करावेत. लहान डब्यात रंगद्रव्याची धार अगदी बारीक असते, तिच्यात चिमूटभर फरक पडला तरी तो दिसतो. वीस लिटरांत तो मुरून जातो.

इतके करूनही कंपनी बदलावीच लागली, तर जोड कोपऱ्यावर घ्यावा. भिंतीच्या मधोमध कधीही घेऊ नये. कोपऱ्याच्या दोन बाजूंना उजेड मुळातच कमी-जास्त पडतो, त्यामुळे डोळा तेथे फरकाची अपेक्षा धरूनच असतो आणि थोडे खपवून घेतो. बोळाला मधे कोपरा नव्हता. पण एक लाकडी दरवाजा होता. तेथवर पुन्हा पहिल्या कंपनीचा रंग आणून देऊ, असे आप्पांनी सुचविले होते. त्याला समारंभापूर्वी वेळ नव्हता आणि नंतर कोणी विचारले नाही.

आप्पांना सहीपुरतेच लिहिता येते. आता आमच्या वहीत प्रत्येक कामाला एक पान आहे. त्यावर कंपनी, शेडचा क्रमांक, बेस, डब्याचे माप, तारीख, डब्यावरून सोडवून चिकटविलेली यंत्राची पट्टी आणि रंगविलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा. खाली मालकाची सही, रात्रीच्या दिव्यात पाहून केलेली. सहीच्या शेजारी मी दिव्याचा रंग दाखविणारा ठिपका देते, पिवळा किंवा पांढरा, म्हणजे आप्पांना पान उघडताच कळते. पांढऱ्या कागदावर पांढरा ठिपका दिसत नाही, म्हणून तो मी पेन्सिलीने गोल करते.